सहा जणांचा संघ

(उन्हाळी सुट्टीनंतर झालेल्या मंडळाच्या पालक सभेतील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला विषय दिला होता ‘मुलांचे मोबाईल वेड आणि पालकांची जबाबदारी’. या विषयावर या सभागृहात इतकी भाषणे झाली आहेत की श्रोत्यांना ती पाठ असतील. मुलांना तर नक्कीच पाठ आहेत. म्हणून आम्ही विषय जरा वळवून घेतला. सुट्टीत आपल्या मंडळातल्या आम्ही पाच पालकांनी असे ठरवले की मुले जो खेळ खेळतात तो आधी नीट समजून घ्यायचा, आणि मग काय बोलायचे ते बोलायचे. खेळ होता पोकेमॉन. गुरू अर्थातच मुले होती. आम्ही सरकारी खात्यातली, डिप्लोमा झालेली माणसे. एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिका यांपलीकडे फारसे न जाणारी. पण या खेळात इतका हिशेब निघाला की आम्हांला ऑफिसात बसल्यासारखेच वाटले.

ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉन म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर’, खिशात मावणारे अजब प्राणी. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ नावाच्या हातात धरायच्या यंत्रासाठी हा खेळ निघाला. ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्या होत्या. निर्माते सातोशी ताजिरी. त्यांचे बालपण टोकियोच्या माचिदा या उपनगरात गेले. त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे शेते, तळी बुजवून इमारती उभ्या राहिल्या आणि किडे पकडायला जागा उरली नाही. नव्या मुलांना तो आनंद मिळावा म्हणून त्यांनी तो खेळात आणला. आपल्या कॉलन्यांकडे पाहिले की हे दुःख आपल्यालाही परके वाटत नाही.

पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. आज ते एक हजाराहून जास्त आहेत. या सगळ्यांतून खेळाडूला बरोबर न्यायचे असतात फक्त सहा. प्रत्येकाला चारच चाली शिकवता येतात. हजारातून सहा कोण घ्यायचे, हा खेळातला मुख्य प्रश्न आहे. आजचा आमचा विषयही तोच.

आम्ही पहिल्याच दिवशी मुलांना विचारले, “सगळ्यांत ताकदवान सहा कोणते, ते सांगा म्हणजे झाले.” मुले हसली. एक मुलगा म्हणाला, “काका, असं नसतं.” बारा वर्षांचा हा मुलगा मंडळाच्या कार्यक्रमात कधी तोंड उघडत नाही. तो पुढचा तासभर बोलत होता. अर्धे मराठी, अर्धे हिंदी, पण मुद्दा एकही सुटला नाही. आज आम्ही जे सांगणार आहोत त्यातले पुष्कळसे त्याने त्या दिवशी सांगितलेलेच आहे.

आता ‘असं नसतं’ म्हणजे काय ते पाहू.

प्रत्येक प्राण्याला सहा गुणांचे आकडे असतात. आयुष्य, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. सहा आकड्यांची बेरीज म्हणजे त्याची मूळ ताकद. लाडक्या पिकाचूची बेरीज ३२०. आग ओकणाऱ्या चॅरिझार्डची ५३४. प्रयोगशाळेत घडवलेल्या म्यूटूची ६८०. आपल्यासारख्या माणसाला वाटते, गुणपत्रिका समोर आहे, वरचे सहा उचला. इथेच गफलत होते.

स्लेकिंग नावाचा एक प्राणी आहे, आळशी माकडासारखा. त्याची बेरीज ६७०, म्हणजे जवळजवळ म्यूटूच्या बरोबरीची. पण त्याचा स्वभावदोष असा की तो एक डाव हल्ला करतो आणि पुढचा डाव लोळत पडतो. समोरच्याला दर दुसरा डाव फुकट मिळतो. ऑफिसात काम केलेल्यांना हा प्राणी लगेच ओळखू येईल! उलट शकल नावाचे कासवासारखे एक प्राणी आहे. त्याच्या हल्ल्याचा आकडा १० आणि वेग ५. पण दोन्ही बचाव प्रत्येकी २३०. त्याच्याने कोणाला मारणे होत नाही, मात्र योग्य जागी उभा केला तर तो सहज हटत नाही. आणि शेडिंजा नावाच्या प्राण्याचे आयुष्य फक्त १ असते, पण ज्या प्रकारापुढे तो कमजोर आहे त्या प्रकाराचा हल्ला सोडला तर कोणताही थेट हल्ला त्याला लागत नाही. या तिघांना बेरजेच्या क्रमाने लावून पाहा. त्या यादीवरून कोण कधी उपयोगी पडेल हे मुळीच कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रकारांची. आज खेळात १८ प्रकार आहेत. पाणी, आग, गवत, वीज, जमीन, खडक, बर्फ वगैरे. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवते, गवत पाणी पिऊन टाकते. अनुकूल हल्ला दुप्पट लागतो, प्रतिकूल हल्ला निम्मा. काही ठिकाणी शून्यच. विजेचा हल्ला जमिनीच्या प्राण्याला लागतच नाही, म्हणजे अर्थिंगच झाले म्हणा. एका प्राण्याला दोन प्रकार असू शकतात, आणि दोन्ही एकाच गोष्टीपुढे कमजोर असले तर मार चौपट बसतो. चॅरिझार्ड आगीचा आणि उडणारा, त्यामुळे खडकाचा हल्ला त्याला चौपट लागतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभावा असा राजबिंडा प्राणी एका दगडाने गारद होतो.

शिवाय प्राण्याने स्वतःच्या प्रकारातली चाल वापरली तर ती दीडपट लागते. हे सगळे गुणाकार मुले तोंडी करतात. दुप्पट, दीडपट, निम्मे, चौपट. गणिताच्या पेपरात हीच मुले अपूर्णांकाला घाबरतात, याचे उत्तर आम्हांला अजून मिळालेले नाही.

यातून पहिला नियम निघतो. संघात एकाच प्रकारचे सहा बलवान घेऊ नयेत. सहाही आगीचे घेतले तर समोरचा एक पाण्याचा प्राणी सगळ्यांना पुरून उरतो. एकाची उणीव दुसऱ्याने झाकली पाहिजे. आम्ही सिव्हिलवाले हे दुसऱ्या भाषेत शिकलो. काँक्रीट दाबाला भक्कम असते, पण ताणाला कच्चे. सळई ताण घेते. स्लॅबच्या पोटात, जिथे ताण येतो, तिथे सळई घालायची. सिमेंट सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत ‘हुशार’ म्हणून नुसत्या सिमेंटचा स्लॅब कोणी टाकत नाही. वाळू लागते, गिट्टी लागते, पाणी लागते, तेही मापात.

दुसरा नियम कामाच्या वाटणीचा. एक-दोघे मारणारे हवेत. एखादा मार खाऊन टिकणारा हवा. एक वेगवान हवा, जो आधी चाल करील. आणि एक असा हवा जो स्वतः फारसे काही करत नाही, पण इतरांचे काम सोपे करतो. समोरच्याला झोपवतो, त्याचा वेग कमी करतो, आपल्या साथीदाराचे रक्षण करतो. नवशिके मूल चारही चाली हल्ल्याच्या देते. मुरलेला खेळाडू एखादी जागा बचावासाठी राखतो.

तिसरा नियम तयारीचा. मॅजिकार्प नावाचा एक मासा आहे. पहिल्या खेळात तो ५०० ला विकणारा एक विक्रेता भेटतो, आणि घेतल्यावर कळते की या माशाला नुसते पाण्याबाहेर उड्या मारता येतात, त्याने कोणाला काही होत नाही. बेरीज जेमतेम २००. मुलांना तो फसवणूक वाटतो. पण त्याला धीराने वाढवत नेले, विसाव्या पातळीवर पोहोचवले, की त्याचा गॅराडोस होतो. बेरीज ५४०, आणि समोरचे हादरतात. काही प्राणी तर एकट्याने वाढवून शेवटच्या रूपात येतच नाहीत. ते मित्राबरोबर अदलाबदल केल्यावरच बदलतात. दोन यंत्रे तारेने जोडून प्राणी बदलायची सोय पहिल्या खेळापासूनच होती, आणि दोन्ही आवृत्त्यांत काही प्राणी मुद्दाम वेगळे ठेवले होते. एकट्याला संग्रह पुरा करता येऊ नये, शेजारच्याकडे जावेच लागावे, अशी ती योजना होती. मुलांना एकलकोंडे करणारा खेळ म्हणून ज्यावर आपण रागावतो, त्याच्या मुळाशी देवाणघेवाण आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

आता मुलांची नेहमीची चूक सांगतो, कारण ती मोठ्यांचीही नेहमीची असते. सुरुवातीला एक प्राणी मिळतो, तो आवडतो, आणि मूल प्रत्येक लढाईत त्यालाच पुढे करते. त्याची पातळी चढत जाते, बाकीचे पाच कच्चे राहतात. एका खांबावर द्वारका! निम्म्या खेळापर्यंत हे चालते. शेवटी मात्र चार मातब्बर आणि त्यांच्यावरचा विजेता अशा पाच लढाया लागोपाठ येतात. तिथे तो एक खांब कोसळला की मागे उभे राहायला कोणी नसते.

बलवानांच्या निवडीची सगळ्यांत सुंदर गोष्ट मात्र २०१४ ची आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टनला, या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. तिथे एका वेळी दोन विरुद्ध दोन प्राणी लढतात. खेळाडू सहा आणतो, समोरच्याचे सहा पाहतो आणि मग त्यांतले चार निवडतो. अंतिम फेरीत पोहोचलेल्या कोरियाच्या से जुन पार्क या खेळाडूच्या संघात पॅचिरिसू होती. पॅचिरिसू म्हणजे विजेची एक इवलीशी खार. बेरीज ४०५. इतके मोठे मोठे प्राणी हाताशी असताना ही खार स्पर्धेत कोणी आणत नव्हते.

पार्कने तिला मारण्यासाठी घेतलेच नव्हते. तिला एक चाल येते, ‘फॉलो मी’, म्हणजे ‘माझ्याकडे बघा’. ती चाल केली की समोरच्यांचे नेमके हल्ले साथीदाराला न लागता तिच्याकडे वळतात. साथीदार होता गॅराडोस, आपला मघाचा मासा मोठा झालेला. पाण्याचा आणि उडणारा असल्यामुळे त्याला विजेचे भय चौपट. आणि पॅचिरिसूच्या अंगी असा गुण की विजेचा हल्ला तिला लागला तर इजा होत नाही, उलट तिचे आयुष्य भरून येते. म्हणजे गॅराडोसवर सोडलेली वीज खारीकडे वळायची आणि खार ताजीतवानी व्हायची. तिला मार सोसण्याची खास तयारी दिलेली असल्याने इतर हल्लेही ती झेलत राहिली. तेवढ्या वेळात साथीदारांनी आपले काम केले. पार्क जगज्जेता झाला. सेतू बांधताना खारीने वाटा उचलल्याची गोष्ट ज्या घरांतून सांगितली जाते, त्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’ मध्येही तेच आहे. हा खेळ २०१६ च्या जुलैमध्ये आला, भारतात रीतसर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. त्यात प्राण्याच्या अंगावर ताकदीचा एकच आकडा लिहिलेला असतो, आणि मुले आकडा मोठा म्हणून हरखतात. पण त्यातल्या एका लढतीत १५०० च्या वरचा प्राणी चालतच नाही. आता गंमत अशी की हा आकडा काढताना हल्ल्याच्या गुणाला जास्त वजन दिलेले आहे. म्हणून ज्याच्या अंगी हल्ला जन्मतः कमी आणि बचाव, आयुष्य जास्त, तो प्राणी १५०० च्या आत राहून जास्त वेळ टिकतो. एरवी ‘हलका’ म्हणून सोडून दिला असता, तोच तिथे हवा असतो. नियम बदलला की बलवान बदलतो.

आणि कधी कधी नियमच वाकडा असतो. पहिल्या खेळात मनःशक्तीचे प्राणी भलतेच वरचढ झाले होते. त्यांना किड्यांचे हल्ले लागत, पण किड्यांकडे दमदार चालीच नव्हत्या. भुतांचे हल्ले लागायला हवे होते, पण प्रोग्रॅममधल्या चुकीने ते लागतच नव्हते. जो तो तेच प्राणी घेऊ लागला. खेळ बनवणाऱ्यांनी ‘घ्या तेच, ते बलवानच आहेत’ असे म्हटले नाही. १९९९ च्या पुढच्या खेळात त्यांनी अंधार आणि पोलाद असे दोन नवे प्रकार आणून तोल सावरला. दरवेळी एकाच जातीचा प्राणी जिंकत असेल तर बाकीच्यांना दोष देण्याआधी नियम तपासावेत, हे आम्ही त्यातून घेतले.

मोबाईलच्या विषयाला आम्ही बगल दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून दोन शब्द. फोनवरच्या खेळात नाणी विकत घेता येतात आणि ते पैसे खरे असतात. आम्ही पाच घरांनी ठरवले आहे की फोनला बँकेचे कार्ड जोडायचे नाही. चालता चालता खेळायचे ते बागेत, रस्त्यावर नाही. वेळ ठरलेली, आणि ती संपली की फोन आईच्या कपाटात. एवढे पाळले तर खेळाशी आमचे भांडण नाही. खेळाबद्दल मुलाला चार प्रश्न विचारता आले तर फोन परत मागणेही सोपे जाते, हा आमच्या सुट्टीतला अनुभव आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आजच्या सभेपुढे एक निर्णय आहे. यंदाच्या गणेशोत्सवात बालनाट्य बसवायचे आहे आणि पुढच्या आठवड्यात पात्रनिवड आहे. मंडळात दोन मते आहेत. एक मत असे की ज्यांचे मराठी स्वच्छ आहे अशीच मुले घ्यावीत, म्हणजे नाटक चांगले होईल, आंतरमंडळ स्पर्धेत बक्षीस मिळेल. दुसरे मत असे की सगळ्यांना घ्यावे. पहिले मत मांडणाऱ्यांची कळकळ खरी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी या इंदुरात मराठी टिकवली ती शुद्धतेच्या आग्रहानेच. रंगमंचावर ‘मी येऊन राहिलो’ ऐकू आले की ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते, ती प्रेमापोटीच.

तरीही आम्हां पाचजणांचे मत दुसऱ्या बाजूने आहे, आणि ते केवळ दयेपोटी नाही. संघबांधणीच्या हिशेबानेच आहे.

स्वच्छ मराठी बोलणारी आपल्याकडे पाच-सहा मुले. तीच गणेशोत्सवात, तीच कोजागरीला, तीच गुढीपाडव्याला. एका खांबावर द्वारका. दोन वर्षांनी ती बारावीला जातील, मग पुण्याला, बंगळुरूला. मागे कोण उभे राहणार? ज्याची जीभ अडखळते तो मूल पडद्याची दोरी ओढतो, तिसऱ्या वर्षी येईनासा होतो. त्याच्या पाठोपाठ त्याचे आई-वडील येईनासे होतात, आणि त्या घरातून मराठी हळूच निघून जाते. त्याला कोणी घालवलेले नसते, फक्त बेरीज कमी म्हणून निवडलेले नसते.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. येणाऱ्या प्रत्येक मुलाला निदान दोन वाक्ये मिळावीत. मोठ्या भूमिका चांगल्या बोलणाऱ्यांनाच द्या, त्याला आमची हरकत नाही. पण प्रत्येक प्रवेशात एका पक्क्या मुलासोबत एक कच्चे मूल ठेवा, म्हणजे एक अडले तर दुसरे सावरून घेईल. तालमीची जबाबदारी पक्क्या मुलांवर द्या. शिकवताना त्यांचेही मराठी आणखी पक्के होईल. चित्रे काढणारा, ढोलकी धरणारा, प्रकाशयोजना सांभाळणारा, सगळ्यांची नावे निवेदनात घ्या. आणि बक्षीस द्यायचेच तर एक असेही असावे, ज्याने तालमीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सर्वांत जास्त मजल मारली त्याच्यासाठी. मॅजिकार्प-बक्षीस म्हणा हवे तर, मुलांना बरोबर कळेल.

एका ठिकाणी मात्र ही उपमा थांबते, आणि तेही सांगितले पाहिजे. खेळात हजारातून सहा घेतले की उरलेले डब्यात बंद राहतात, त्यांना वाईट वाटत नाही. अंतिम फेरीत तर सहातलेही दोन बाहेर बसतात. आपल्या मंडळाकडे डबा नाही. आपली मुले जेवढी आहेत तेवढीच आहेत, आणि दरवर्षी थोडी कमी होत आहेत. सर्वांत बलवान सहा निवडण्याची चैन मोठ्या शहरांतल्या मोठ्या मंडळांना परवडेल. आपल्याला जे आहेत त्यांचाच संघ बांधायचा आहे.

तासभर बोलणारा तो मुलगा आज सभागृहात आहे. त्याचे नाव घेऊन त्याला संकोचात टाकत नाही. पण पात्रनिवडीच्या दिवशी तो आला, तर परीक्षकांनी त्याला कविता म्हणायला लावू नये एवढी विनंती. पॅचिरिसूची गोष्ट सांग म्हणावे, आणि शेवटपर्यंत ऐकावे.

प्रस्ताव सभेपुढे ठेवला आहे, चर्चा व्हावी.

गणपती बाप्पा मोरया!